जुन्या लिंकन-कॅडिलॅकची देखभाल : वाचक विचारतात

या वेळचे बहुतेक प्रश्न १९९८ ते २०११ या काळातल्या लिंकन टाउन कार या फोर्डच्या मोठ्या गाडीबद्दल आले आहेत, एक कॅडिलॅक डेव्हिलबद्दल. सगळे वाचक अमेरिकेत राहणारे असल्याने मापे मैल, क्वार्ट (जवळजवळ एक लिटर) आणि फूट-पाउंडात (बोल्ट किती आवळायचा याचे माप) दिली आहेत. तिथल्या हत्यारांवर तीच असतात.

प्रश्न : माझी २००४ची टाउन कार रात्री सरळ उभी असते, सकाळी मागची डावी बाजू खाली बसलेली दिसते. गाडी सुरू केली की घरघर ऐकू येते आणि ती वर उचलली जाते. गॅरेजवाला म्हणतो, हवेचे फुगे काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवा. ऐकावे का? (ओहायो)

उत्तर : घाई करू नका. तुमचा दोष बहुधा एका फुग्यापुरता किंवा दोन रबरी रिंगांपुरता आहे.

आधी रचना पाहू. मागच्या अ‍ॅक्सलवर दोन एअर स्प्रिंग, म्हणजे तेच हवेचे फुगे, आहेत, दोघांना हवा पुरवणारा एकच कॉम्प्रेसर आणि उंची मोजणारा एकच सेन्सर. प्रत्येक फुग्याच्या तोंडाशी स्वतंत्र सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी झडप) आहे. उंची जुळवण्याचे काम चालू नसताना तो बंद असतो. म्हणून प्लॅस्टिकची हवेची नळी फुटली तर गाडी वर चढत नाही, पण रात्रीतून बसतही नाही. एकच बाजू बसते याचा अर्थ गळती त्या बाजूच्या फुग्यात किंवा त्याच्या सोलेनॉइडच्या ओ-रिंगमध्ये (हवा अडवणारी रबरी रिंग) आहे. कॉम्प्रेसर आणि सेन्सर सध्या संशयाबाहेर.

गळती शोधायला भांडी घासण्याचा द्रव साबण पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरा. गाडी पूर्ण उंचीवर असताना डिक्कीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करा, चॅसिसखाली घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा आणि फुग्यावर फवारा. रबर जिथे स्वतःवर दुमडून खाली वळते ती घडी नीट पाहा; तडे सर्वांत आधी तिथेच पडतात. घडीवर बुडबुडे आले तर फुगा बदलायचा. सोलेनॉइडच्या बुडाशी आले तर फक्त ओ-रिंग बदलून भागते.

तो स्विच ही या गाडीतली सर्वांत महत्त्वाची सवय समजा. जॅक लावण्यापूर्वी, टो करण्यापूर्वी, टायर बदलण्यापूर्वी तो बंद हवाच. तो चालू ठेवून चाके अधांतरी केली की सेन्सरला गाडी फार उंच वाटते आणि फुग्यांतली हवा सोडली जाते. मग गाडी खाली घेताना रिकामा फुगा वेडावाकडा दुमडतो आणि फाटतो.

फुगा बदलण्याचा क्रम असा. स्विच बंद, गाडीचे वजन चॅसिसवर, चाक काढलेले. सोलेनॉइडची क्लिप काढून तो पहिल्या थांब्यापर्यंत फिरवा आणि हवा पूर्ण निघेपर्यंत थांबा. फुसफुस संपल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दाब असताना तो ओढला तर हातातून गोळीसारखा सुटतो. मग दुसऱ्या थांब्यापर्यंत फिरवून बाहेर काढा, वरची पकड सोडवा आणि फुगा अ‍ॅक्सलवरून मोकळा करा. नवा फुगा बसवताना त्याला पीळ पडू देऊ नका. ओ-रिंग नव्या घाला आणि त्यांना सिलिकॉनचे वंगण लावा.

आता जिथे बरेच जण चुकतात तो टप्पा. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना यंत्रणा हवा भरणारच नाही, तिच्या दृष्टीने गाडी आधीच उंच आहे. बहुतेक वजन घोड्यांवरच राहू द्या, अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून तो नेहमीच्या उंचीपेक्षा किंचित वर आणा, मग स्विच आणि इग्निशन चालू करा. फुगा भरून गोल झाला की गाडी हळूहळू खाली घ्या.

दोन्ही फुगे एकाच वयाचे असतात, तेव्हा दोन्ही एकदमच बदला. काम लांबवू नका. गळक्या फुग्यामुळे कॉम्प्रेसर दिवसभर धावतो, त्याच्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे भिजून जातात आणि ओहायोच्या हिवाळ्यात नळीत पाणी गोठते. पुढे कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आलीच तर त्याचा रिलेही बदला. रिले आतून चिकटला तर नवा कॉम्प्रेसरही थांबायचे नाव घेत नाही आणि जळतो.

कॉइल स्प्रिंग वाईट नाहीत, पण त्यांची उंची एकाच भाराला जुळते. मागे तिघे बसले आणि डिक्की भरली की गाडीचे शेपूट खाली जाते आणि हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. डॅशबोर्डवरचा इशारा-दिवाही बंद करावा लागतो. फुगे, कॉम्प्रेसर, नळ्या सगळेच एकदम गेले असेल तर कॉइलचा विचार योग्य. एका फुग्यासाठी ही गाडी ज्या चालीसाठी ओळखली जाते तीच घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : २००१ची टाउन कार, ताशी ४० ते ५० मैलांवर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना थरथरते, जणू रस्त्याकडेच्या खाचांवरून चालली आहे. ट्रान्समिशन उघडून नव्याने बांधावे लागेल असे सांगण्यात आले. खरे का? (न्यू जर्सी)

उत्तर : ट्रान्समिशन उघडण्यापूर्वी दोन स्वस्त शक्यता तपासायलाच हव्यात. पहिली, टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनची ताकद ट्रान्समिशनला पोचवणारा भाग) क्लच घसरत-पकडत असणे. दुसरी, एखादी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) कमजोर होऊन सिलिंडर मिस मारणे, म्हणजे त्यातले इंधन अधूनमधून न पेटणे. ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही हुबेहूब सारखे जाणवतात. कारण एकच : याच वेगाला कन्व्हर्टर लॉक होतो, इंजिनचे फेरे कमी असतात, भार मात्र जास्त असतो.

थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेकला इतकाच स्पर्श करा की मागचे दिवे लागतील पण गाडी मंदावणार नाही. त्याने कन्व्हर्टरचा लॉक सुटतो. थरथर तत्काळ थांबली तर बहुतेक मेकॅनिक ‘कन्व्हर्टर’ म्हणून मोकळे होतात. तेवढ्यावर निकाल देऊ नका. लॉक सुटला की फेरे वाढतात आणि भार हलका होतो, त्यामुळे कमजोर कॉइलही त्या क्षणी नीट वागू लागते. खरा निकाल स्कॅनरवर मिळतो. त्यातल्या ‘मोड ६’ या चाचणी-विभागात प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी दिसते. चेक-इंजिनचा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी ती वाढू लागते. एकाच सिलिंडरचा आकडा चढत असेल तर दोष इंजिनात. तिथली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. आकडा तिच्या मागोमाग गेला, तर तीच बदला.

सिलिंडर मोजायचे ते असे : प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८. चौथ्यावर विशेष लक्ष ठेवा. त्याच्या जवळून जाणारा हीटरचा होज पाझरला की कूलंट प्लगच्या खोल विहिरीत साचते आणि कॉइलचे रबरी बूट आतून करपते. अशा वेळी होज न बदलता नुसती कॉइल बदलली तर तीही काही दिवसांत जाते. याच कारणासाठी या इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये.

प्लग काढायचे तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, आणि आधी विहिरीत दाबाची हवा मारून कचरा उडवून. त्या काळातल्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये प्लगला धरणारे आटे मोजकेच आहेत. प्लग सैल राहिला तर तो आट्यांसकट बाहेर फेकला जातो, जास्त आवळला तर आटे निघतात. प्लगच्या टोकाची फट ०.०५४ इंच, आटे कोरडे, सुरुवातीचे फेरे हाताने, आणि शेवटी टॉर्क पान्याने १४ फूट-पाउंड. बुटाच्या आत डायलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहू देणारे ग्रीस) पातळ थर द्या.

सगळ्या सिलिंडरचे आकडे साफ असतील तर संशय कन्व्हर्टरवर, आणि तिथेही पहिला उपाय ट्रान्समिशन फ्लुइड. ते मर्कॉन व्ही या फोर्डच्या मानकाचे हवे. साधे जुने मर्कॉन चालणार नाही. या क्लचला लागणारे घर्षण-गुण त्यात नाहीत. यंत्रणेत एकूण सुमारे १४ क्वार्ट मावतात. पॅन सोडून मात्र जेमतेम पाचेक क्वार्ट निघतात, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. काही गाड्यांत कन्व्हर्टरला निचऱ्याचा बोल्ट असतो. बेलहाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीचे कवच) तळाचे रबरी झाकण काढून इंजिन हाताने फिरवत तो शोधा. नसेल तर कूलरकडून परत येणारी नळी सोडा, इंजिन चालू करून दोन क्वार्ट बाहेर येऊ द्या, इंजिन बंद करून तेवढेच नवे ओता. लालभडक फ्लुइड येईपर्यंत हेच करत राहा.

पॅन काढलाच आहे तर फिल्टर बदला आणि तळाचे चुंबक पुसा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर काळजी नको. चमकते कण किंवा काप दिसले तर मात्र ट्रान्समिशन उघडण्याचा सल्ला खरा मानावा लागेल. कंपनीचे गॅस्केट धातूवर रबर चढवलेले असते. ते धड असेल तर पुसून पुन्हा वापरा, सीलंट लावू नका. पॅनचे बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे घेत १० फूट-पाउंडांवर आवळा. पातळी पाहायची ती ट्रान्समिशन गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून लीव्हर पार्कमध्ये आणल्यावर. जास्त भरले तर फ्लुइड फेसाळते आणि नवाच त्रास सुरू होतो.

एवढे करून काहीशे मैल चालवा. थरथर तरीही राहिली, तर नवा कन्व्हर्टर.

प्रश्न : चढावर जोर लावला की एसीची हवा डॅशबोर्डऐवजी समोरच्या काचेवर जाते. गाडी १९९९ची टाउन कार. (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात. व्हॅक्यूम गेला की हवा काचेकडेच जावी अशी रचना मुद्दाम केलेली आहे, म्हणजे काच धुरकट होणार नाही. चढावर व्हॅक्यूम घटतो. गळती असेल तर साठवणीच्या टाकीतलाही टिकत नाही.

आधी इंजिनाजवळच्या पातळ नळ्या, त्यांची रबरी टोके आणि एकदिशा व्हॉल्व्ह पाहा. ते ठीक असेल तर डॅशबोर्डातले एसीचे कंट्रोल युनिट बाहेर काढा. त्याच्या मागे छोट्या व्हॅक्यूम-सोलेनॉइडांचा गठ्ठा आहे आणि त्यांतल्या ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन सपाट होतात. जुनी रिंग दुकानात नेऊन तंतोतंत मापाच्या घ्या. युनिट बदलण्याची गरज क्वचितच पडते.

प्रश्न : २००० सालची टाउन कार. थांबल्यावर गोडसर वास येतो, कूलंट हळूहळू कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही आणि तापमानाचा काटा मध्यावर. (मिशिगन)

उत्तर : इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारा इंजिनावरचा भाग, पाहा. १९९६ ते २००१ या काळातल्या टाउन कारच्या ४.६ लिटर इंजिनांवर ते पूर्ण प्लॅस्टिकचे होते आणि पुढच्या टोकाला, अल्टरनेटरच्या मागे, गरम कूलंट वाहून नेणारा आडवा मार्गही त्यातच ओतलेला होता. तापून-निवून तिथेच चीर पडते. गळलेले कूलंट दोन हेडमधल्या खोबणीत साचते आणि गरम इंजिनावर वाळून जाते, म्हणून खाली थेंब दिसत नाही. टॉर्चच्या प्रकाशात अल्टरनेटरच्या मागे पाहा; वाळलेले पांढरट-हिरवट ओघळ दिसतील. काट्यावर विसंबू नका. बऱ्याच मोठ्या फरकापर्यंत तो मध्यावरच राहतो, आणि हलू लागेपर्यंत कूलंट बरेच गेलेले असते.

बाहेरून लावायचा चिकटा किंवा रेडिएटरमध्ये टाकायचे गळती-बंद औषध वापरू नका. चीर दाबाखालची आहे, ती पुन्हा उघडते. औषध मात्र हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. हा पुढचा मार्ग अ‍ॅल्युमिनियमचा असलेले सुधारित मॅनिफोल्ड मिळते, तेच घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत : आधी सगळे फक्त १८ इंच-पाउंड, मग १८ फूट-पाउंड. इंच आणि फूट यांची गल्लत झाली तर नवे मॅनिफोल्ड पहिल्याच दिवशी तडकेल. मॅनिफोल्ड निघालेच आहे तर थर्मोस्टॅट, त्याची ओ-रिंग, मॅनिफोल्डखालचा हीटर होज आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगही बदला. नाहीतर या होजसाठी पुन्हा सगळे उतरवावे लागते.

थ्रॉटल बॉडीमागे पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारी नळी) रबरी कोपराही असतो. तो तेलाने मऊ होऊन आत चेपतो किंवा चिरतो, मग इंधनाच्या मानाने हवा जास्त झाल्याचे पी ०१७१ आणि पी ०१७४ हे कोड येतात. हात तिथे पोचलाच आहे तर तो दाबून पाहा. कूलंट भरताना शुद्ध पाण्याशी निम्मे-निम्मे प्रमाण ठेवा, ते उणे ३४ अंश फॅरनहाइटपर्यंत गोठत नाही. आधी कोणत्या जातीचे कूलंट होते ते माहीत नसेल तर पूर्ण निचरा करून, धुऊन मगच नवे भरा.

प्रश्न : २००२ची कॅडिलॅक डेव्हिल फार स्वस्तात मिळते आहे. विकणारा म्हणतो, ‘थर्मोस्टॅट नवा टाकलाय, कधीकधी गरम होते एवढेच.’ घ्यावी का? (इलिनॉय)

उत्तर : त्या एका वाक्यावरून सावध व्हा. या गाडीतले नॉर्थस्टार व्ही-८ चालायला सुरेख आहे, पण अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले हेड-बोल्टचे आटे उखडतात हा त्याचा सर्वज्ञात दोष आहे. बोल्टची पकड सुटली की हेड गॅस्केट दाब धरत नाही, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि इंजिन तापते. शहरात हळू चालवताना काहीच कळत नाही. महामार्गावर किंवा चढावर काटा चढतो. नुसते नवे गॅस्केट टाकून उपयोग नाही, कारण बोल्ट पुन्हा धरणारच नाहीत.

पाहायला जाल तेव्हा इंजिन गार असतानाच पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून पातळी पाहा, मग पंधरा-वीस मिनिटे महामार्गावर चालवा. परतल्यावर ब्लॉक-टेस्ट करा : टाकीच्या तोंडातली हवा निळ्या रसायनातून ओढायची. रसायन पिवळे झाले तर कूलंटमध्ये जळालेला वायू आहे, गाडी सोडून द्या. गरम टाकीचे झाकण कधीही घाईने उघडू नका.

निळे निळेच राहिले तर तापण्याची साधी कारणे उरतात. टाकीकडे येणारी बारीक पर्ज-नळी (कूलंटमधली हवा काढणारी) गाळाने चोंदते; इंजिन चालू असताना तिच्या टोकातून टाकीत धार पडायला हवी. दुसरे, या इंजिनाचा पाण्याचा पंप मुख्य पट्ट्यावर नाही. कॅमशाफ्टवरून चालणारा त्याचा वेगळा छोटा पट्टा आहे, झाकणाखाली असल्याने कोणी पाहत नाही. तो सैल झाला किंवा त्याचा ताण धरणारा भाग झिजला की पंप अर्धवट फिरतो.

खरी दुरुस्ती करायची तर दोन्ही हेड उतरवून ब्लॉकमधली सगळी २० छिद्रे मोठी करायची आणि त्यांत पोलादी इन्सर्ट (आटे असलेल्या नळ्या) किंवा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) बसवायचे. नादुरुस्त दिसली तेवढीच छिद्रे करणे म्हणजे उरलेली निकामी होण्याची वाट पाहणे. बहुतेक वेळा इंजिन खालून काढावे लागते. हे काम झाल्याची पावती आणि केलेल्या छिद्रांची संख्या विक्रेता दाखवू शकला, तर तीच गाडी आम्ही आनंदाने सुचवू.

प्रश्न : टाउन कार घ्यायची आहे. २००३ आधीची की नंतरची? (मिनेसोटा)

उत्तर : नंतरची. २००३ मध्ये चॅसिस, पुढचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग नवे आले. स्टिअरिंगच्या जुन्या गिअरबॉक्स-पद्धतीच्या जागी रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटे दातेरी चाक), त्यामुळे महामार्गावर गाडी सरळ धरायला हात सतत हलवावा लागत नाही. प्लॅस्टिकच्या पुढच्या मार्गाचे मॅनिफोल्डही मागे पडले.

तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा इंजिनाआधी गाडीची खालची बाजू पाहा. चॅसिसचा मागच्या चाकांजवळचा भाग, मागचे कंट्रोल आर्म जिथे जोडले आहेत ते कंस आणि चॅसिसच्या कडेने जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या टोकदार हत्याराने टोचून पाहा. पापुद्रे निघाले तर भावात घासाघीस करत बसू नका, दुसरी गाडी शोधा. २००५ ते २०११च्या गाड्यांचे स्टिअरिंग शाफ्टचे सांधे गंजण्याबद्दल मीठवाल्या राज्यांसाठी २०१३ मध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणे) निघाला होता. सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की प्रलंबित रिकॉल कळतात.

अनेक गाड्या विमानतळ-लिमोझिनच्या धंद्यातून आलेल्या असतात. ड्रायव्हरची सीट आणि मागची उजवी सीट झिजलेली, पुढची प्रवाशाची सीट मात्र कोरी, असे दिसले तर ओळखा. मैलांपेक्षा उभ्या जागी इंजिन चाललेले तास अशा गाडीत जास्त असतात. तेल वेळेवर बदलल्याच्या नोंदी असतील तर घ्यायला हरकत नाही.

आणि घराचे गॅरेज मोजा. गाडी २१५ इंच, म्हणजे जवळजवळ १८ फूट लांब आहे. ‘एल’ हे तिचे लांब मॉडेल आणखी सहा इंचांनी लांब.

प्रश्न : २००५च्या गाडीचे दोन लाख मैल झाले. इंजिन जुने झाले म्हणून आता जाड तेल घालू का? पेट्रोल भारीतले लागते का? (टेक्सास)

उत्तर : पेट्रोल साधे ८७ ऑक्टेनचे पुरते, त्याहून भारी घेऊन या इंजिनाला काही मिळत नाही.

तेलही ५डब्ल्यू-२० या पातळ दर्जाचेच ठेवा, फिल्टरसकट ६ क्वार्ट. या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या लांब टायमिंग चेन आहेत आणि त्यांचा ताण तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर धरतात. जाड तेल थंड सकाळी तिथवर उशिरा पोचते, तेवढा वेळ चेन प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटत राहते. फिल्टर असा घ्या की ज्यात तेल मागे ओघळू न देणारा सिलिकॉनचा पडदा आहे. मोटरक्राफ्ट एफएल-८२०एस त्यातलाच.

थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड झाली तर चालेल. पाच-सहा सेकंद पुढून खडखडाट येत राहिला तर टेन्शनरची सील गेली किंवा पट्ट्या झिजल्या. तेलाचा पॅन उतरवून गाळणी पाहा. तिथे तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर चेन, पट्ट्या आणि दोन्ही टेन्शनर एकदमच बदला, आणि तोवर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका. हेच तुकडे गाळणी चोंदवून तेलाचा दाब पाडतात.